निजून आखलेलं घर

नव्या घरात शेवटी नकोशीला खोली मिळाली. अरुंद, पण एकटीची. आणि दाराला आतून कडी.

असं काही झालेलं नाही. निदान त्या रविवारच्या दुपारी तरी झालेलं नव्हतं. सणसरच्या गावठाणातल्या त्या मोकळ्या जागेवर तेव्हा खोली नव्हती, दार नव्हतं, कडी ठोकायला चौकटही नव्हती. रेघा ओढायची दोन पाट्या पांढरी फक्की होती आणि घरातली आठ माणसं होती. तेव्हा वरचं वाक्य कुणी वाचलं असेल तर त्यानं ते पोटात ठेवावं. घरच्यांना अजून कळायचं आहे.

जागा बारा फूट रुंद आणि पंचवीस फूट लांब. एका अंगाला शकुबाईच्या गोठ्याची भिंत, दुसऱ्या अंगाला गल्ली, मागं कॅनॉलची चारी, पुढं रस्ता. घराला वाढायचंच झालं तर वर वाढावं लागणार होतं, आणि वरच्या दिशेला म्हस्कूआबांची हरकत होती. डोक्यावर माणूस चालला की त्यांना झोप लागत नाही, असं त्यांनी जाहीर केलं होतं. त्यांच्या डोक्यावर आजवर कोण चाललं होतं हे विचारायची कुणाची छाती झाली नाही. आबांची चाळीस वर्षं मेंढरांमागं उघड्यावर गेली होती.

सोमवारी गवंडी पाया आखायला येणार होता. म्हणून धाकटा कुंडलिक इंदापुरातून बायको मनिषाला आणि लहानग्या छकुलीला घेऊन आला होता. सोबत गुंडाळी केलेला नकाशा. इंदापूरच्या एका कचेरीत तो कारकून होता आणि ते त्याच्या बोलण्यात उतरलं होतं.

"सदर नकाशात," कागद मातीवर पसरून चार कोपऱ्यांना चार खडे ठेवत कुंडलिक म्हणाला, "हॉल, किचन, बेडरूम एक, बेडरूम दोन."

आबांनी नकाशा सुलटा पाहिला, मग उलटा पाहिला. दोन्हीकडून त्यांना तो सारखाच दिसला.

"ह्यात माणसं कुठंयत?"

"माणसं नसत्यात आबा नकाशात. माणसं मागनं येत्यात."

"तितंच चुकतंय," आबा म्हणाले. "कोकणात उतरायचो तवा तळ पडला की आमी आधी काय करायचो? मेंढरं बसू द्यायचो. ज्याला जितं बसायचं तितं ती बसली, की मग भवतीनं वाघर वढायची. आधी वाघर लावून मेंढरं आत कोंबली, तर रातभर नुसती बँ बँ."

वाघर म्हणजे मेंढरं कोंडायची दोरखंडाची जाळी. घरात आता मेंढरू एकही उरलं नव्हतं, सगळ्या रानात ऊस होता, पण वाघर अजून माळ्यावर होती आणि आबांच्या डोक्यातही होती.

"मंग काय करायचं म्हनता?" थोरल्या सर्जेरावानं विचारलं.

"घोंगड्या आना."

*

मनिषाला वाटलं, ही थट्टा आहे. मग कुशाबाई, तिची थोरली जाऊ, खरोखरच घोंगड्यांची चळत डोक्यावर घेऊन आली. तेव्हा मनिषाच्या लक्षात आलं की आता सासऱ्यांच्या आणि थोरल्या दिरांच्या देखत, दिवसाढवळ्या, रस्त्याच्या कडेला आपल्याला निजावं लागणार आहे.

"आवं, तुमी तरी सांगा की कायतरी," ती कुंडलिकच्या कानाशी पुटपुटली.

"आबा, माजी प्यांट इस्त्रीची हाय," कुंडलिक म्हणाला. त्याला जमला तेवढा विरोध त्यानं केला.

"तिला बी निजव," आबा म्हणाले.

तर निजले. पुढं पडवीच्या जागी आबा, कारण वाऱ्याच्या तोंडाला कुणीतरी जाणतं लागतं. त्यांच्या मागं डाव्या हाताला गोठ्याच्या भिंतीकडं डोकं करून सर्जेराव, कुशाबाई आणि त्यांचा दहावीतला सौरभ. उजव्या हाताला गल्लीकडं डोकं करून कुंडलिक, मनिषा, मध्ये छकुली. दोन्ही बाजूंचे पाय मधोमध एकमेकांना लागत होते. सौरभचे पाय घोंगडीत मावेनात, ते वीतभर बाहेर आले. मनिषानं तोंडावरून पदर ओढून घेतला. तिचं बघून कुशाबाईनंही ओढला.

फक्की ओढायचं काम नकोशीकडं. ती या दोन भावांची सगळ्यात धाकटी बहीण. ब्लाऊजच्या कापडावर खडू चालवून चालवून तिचा हात दोरी न लावता सरळ जायचा. पाटीतून मूठ भरायची, आणि निजलेल्या माणसांच्या भोवतीनं पांढरी भिंत सोडत जायची. दादाच्या डोक्यापासून एक वीत. वैनीच्या कुशीपासून एक वीत. छकुलीनं कूस बदलली की भिंत बदलायची.

एवढ्यात शकुबाई गवताचा भारा घेऊन रस्त्यानं आली आणि जागच्या जागी थिजली. समोर सात माणसं ओळीनं आडवी, त्यातल्या दोघी तोंड झाकलेल्या, भोवतीनं पांढरी रेघ.

"आगं आई आई! काय खाल्लं गं समद्यांनी?"

"काय न्हाय वं," पदराखालून कुशाबाई म्हणाली. "घर बगतोय."

"निजून?"

"मंग काय हुबं ऱ्हायचंय व्हय त्यात?"

शकुबाईनं भारा सावरला, आणि खरं-खोटं करायला आपली भिंत आहे तिथंच आहे ना ते बघून ती गोठ्यात गेली. उसाच्या ट्रॉल्या ओढत एक ट्रॅक्टर कारखान्याकडं चालला होता. तो थांबला, ड्रायव्हरनं टोपी काढली, छकुलीनं हात हलवला, तसा टोपी घालून तो पुढं गेला.

*

पहिली चूक कुशाबाईला सापडली. ती उठून बसली, पांढऱ्या रेघा नीट पाहिल्या आणि म्हणाली, "मामंजी, सैपाकघर कुठंय?"

कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. सैपाकघरात कुणी निजत नाही, म्हणून ते आखलंच गेलं नव्हतं.

"तीन दगडं कुठं बी मांडत्यात," आबा म्हणाले.

"ती तुमची तळावरची. मला कट्टा पायजे. हुबं ऱ्हाऊन सैपाक करनार मी. कंबार गेली वाकून वाकून."

कट्ट्यापुढं आबांचं काही चाललं नाही. आबा रस्त्याकडं सरकले, सगळे त्यांच्या मागं सरकले, आणि चारीच्या बाजूला सैपाकघर निघालं. त्या पट्टीत कुशाबाई पावलं टाकत हिंडली. इथं कट्टा, इथं मोरी, इथं भांड्यांची मांडणी. हात लांब करून तिनं नसलेल्या फळीवरून नसलेला डबा काढून पाहिला. पोचत होता. तिनं तो परत ठेवला.

तेवढ्यात आबा उठले. सवयीनं उठले, दिवस कलताना मेंढरं मोजायची सवय माणसाला सुटत नाही. काठी टेकत त्यांनी एकेका घोंगडीवरून मोजणी केली. मग परत उलटी मोजणी केली.

"एक कमी भरतंय."

"छकुली?" मनिषा दचकून म्हणाली.

"हाय ती. तिला धरलंय. मला बी धरलं. सातच भरत्यात."

"मी हाय की आबा," नकोशी म्हणाली. हात कोपरापर्यंत पांढरे, पाटी कमरेला. "हितं."

"तू हुबी हायीस. निजाय कुठं हायीस?"

नकोशीनं खाली पाहिलं. सगळं घर तिनंच आखलं होतं आणि ती उभी होती ती जागा घराबाहेर पडत होती.

*

आता सगळे उठून बसले. रेघा मोडू नयेत म्हणून प्रत्येक जण आपल्या खोलीतच बसून बोलत होता. त्यामुळं एकमेकांसमोर असूनही मधल्या भिंतीमुळं सगळे जरा मोठ्यानंच बोलले.

"तिची शिलाईची मशीन घेतलीया की पडवीत," सर्जेराव म्हणाला.

"मशीन निजत न्हाय, सर्जा."

"माज्यापाशी सैपाकघरात निजंल की," कुशाबाई म्हणाली. "जागा हाय भरपूर. न्हाय का वं, वन्सं?"

"सैपाकघरातनं मोरीकडं जायची वाट हाय," नकोशी म्हणाली.

"मंग? वाट हाय तर हाय."

"मला वाटंत न्हाय निजायचं."

कुशाबाईला जरा लागलंच. आपण देतो तेही हिला नको. मग तिनं रोख फिरवला. "आता बया, आठवड्यातनं दोन रातीला येनाऱ्यांना अख्खी खोली, आन् रोजच्या मानसाला वाट. मी तरी काय बोलनार!"

"आमचं नाव घेऊन बोला की, ताई," मनिषा म्हणाली. पदर आता डोक्यावर होता आणि आवाज मोकळा. "इंदापुरात एका खोलीत चूल, मोरी, हातरूण समदं एकात एक हाय आमचं. दाराला पाय लागत्यात निजल्यावर. हितं बी खोली नगं म्हनताय व्हय? मंग आमी पावनं म्हनूनच येत जाऊ."

"कुणी नगं म्हनलं?"

"आता म्हनालात."

"सदर विषय नकोशीचा चाललाय," कुंडलिक म्हणाला. त्या दोघींनी एकाच वेळी त्याच्याकडं असं पाहिलं की तो विषय त्यानं पुढं चालवला नाही.

*

सर्जेराव बोलत नव्हता. त्याचं म्हणणं सगळ्यांना ठाऊक होतं आणि ते मोठ्यानं म्हणायची वेळ त्यानं आजवर येऊ दिली नव्हती.

नकोशीला नरसिंहपूरला दिलेली. पाच वर्षं नांदली, आणि दोन वर्षांपूर्वी एका सकाळी पिशवी घेऊन एसटीनं परत आली. का आलीस, म्हटलं तर "काय न्हाय". दारू? न्हाय. मारतो? न्हाय. दुसरी कुणी? न्हाय. अख्ख्या भावकीनं आपापल्या परीनं कारणं सुचवून पाहिली, तिनं एकही घेतलं नाही. सर्जेराव दोनदा नरसिंहपूरला जाऊन बसला. तिकडचेही म्हणाले, आमी काय केलं, तीच गेली. दोन्हीकडची माणसं भली, चहा चांगला झाला, आणि सर्जेराव परत आला.

तेव्हापासून त्यानं एक हिशेब धरला होता. पत्र्याच्या घरात ती कुठंतरी कोपऱ्यात निजत होती, ते तात्पुरतं. तात्पुरतं आहे तोवर परत जाण्यासारखं आहे. पण वीट-सिमेंटची भिंत घातली, तिच्या नावाची खोली म्हटली, म्हणजे मग संपलं. उद्या तिकडून कुणी न्यायला आलं तर काय दाखवायचं? ही बघा खोली?

"ती काय कायमची हाय का हितं?" तो शेवटी म्हणाला.

गोठ्यात शकुबाईच्या म्हशीनं शेपटी मारली, तेवढं ऐकू आलं. शकुबाई भिंतीपलीकडं होती आणि आवाज न करता होती.

"खोली केली की गावाला कळंल, पोरगी ऱ्हायली म्हनून," सर्जेराव हळू आवाजात म्हणाला. "मी काय तिच्या वाइटावर हाय का? तिचं घर ऱ्हावं म्हनूनच म्हनतोय."

"तितं मला घर नव्हतं, दादा," नकोशी म्हणाली.

पाटी तिनं खाली ठेवली. दोन वर्षांत तिनं जे सांगितलं नव्हतं ते सांगायला तिला फक्की लागली, कारण नुसतं बोलून कुणाला कळलं नसतं. रस्त्याच्या मातीत तिनं नरसिंहपूरचं घर काढलं. दोन खोल्या. ही दिरांची. ही सासू-सासऱ्यांची, तीत नणंदा. मध्ये बोळ. बोळाच्या शेवटी परसदार.

"आन् मी हितं," तिनं बोळात बोट टेकलं. "हे ट्रकवर असायचे, म्हैनाम्हैना. म्हनून मला बोळात. पाच वर्सं. रातच्याला कुणाला बी परसाकडं जायचं झालं की माज्यावरनं ढांग टाकून. जाताना एकदा, येताना एकदा. सासरा, दीर, पावनंरावळं. पायाला पाय लागला तर लागला. झोपच लागायची न्हाय मला, आता कोन येतंय म्हनून."

"आगं मंग सांगायचं की!" कुशाबाई म्हणाली.

"काय सांगू? मारलं म्हनून सांगता येतं. ढांग टाकली म्हनून काय सांगू? तुमी म्हनला असता, एवढ्यासाठी आलीस?"

ते खरं होतं. त्यांनी तसंच म्हटलं असतं. सर्जेरावाला तर आत्ताही तेच म्हणायचं होतं.

आबा मातीतल्या त्या बोळाकडं बघत होते. तळावर निजलेल्या माणसावरून ओलांडून जात नसत. वळसा घालायचा, मग काटे असोत नाहीतर चिखल असो. लहान पोरावरून कुणी चुकून गेलंच तर त्याची वाढ खुंटते म्हणून परत उलटं ओलांडायला लावत.

"परत उलटं कुणी वलांडलं न्हाय?" त्यांनी विचारलं.

"येताना वलांडायचे की. ते धरायचं का?"

आबांनी यावर बराच विचार केला. "न्हाय," ते म्हणाले. "ते धरायचं न्हाय."

*

पुढचं कसं घडलं याबद्दल घरात नंतर दोन मतं झाली. कुशाबाईच्या मते तिनंच आधी केलं. पण सौरभनं पाहिलं, तो तेव्हा परत आडवा झाला होता, त्याच्या मते मनिषाकाकीनं.

मनिषा परत घोंगडीवर आडवी झाली. या वेळी तोंड झाकलं नाही. आणि तिनं गुडघे पोटाशी घेतले.

"काय झालं?" कुंडलिक म्हणाला.

"काय न्हाय. मला कुठं पाय लांब करून निजायची सवय हाय? इंदापुरात दाराला लागत्यात. माज्या पायापतुर जागा कशाला धरायची उगं?" मग नवऱ्याकडं पाहून, "घ्या तुमी बी."

कुंडलिकनं आडवं होऊन इस्त्रीच्या पँटीचे गुडघे पोटाशी घेतले. समोर कुशाबाईनं घेतले, ती जावेपेक्षा मागं राहणारी नव्हती. सौरभनं घेतले, त्याला दोनदा घ्यावे लागले. दोन्ही बाजूंचे पाय मागं हटले आणि मधोमध, दोन भावांच्या बरोबर मध्ये, एक लांबच्या लांब पट्टी मोकळी झाली. फक्त एका ठिकाणी तीत दोन पाय आडवे होते. सर्जेरावाचे.

तो निजलेला नव्हता, पाय पसरून बसला होता. सगळं घर कुशीवर वळून त्याच्या पायांकडं बघत होतं.

"दादा," नकोशी म्हणाली, "मी काय तुज्याकडनं जागंचा कागुद मागत न्हाय. तिकडची न्यायला आली तर बोलीन मी त्यांच्यासंगं. पन निजू दे."

सर्जेरावानं त्या पट्टीकडं पाहिलं. मग आपल्या पायांकडं, जणू ते दुसऱ्या कुणाचे असावेत.

"कडी आतनं पायजे का भाहेरनं?" त्यानं विचारलं.

"आतनं."

"मंग दार भाहेर उगडाय लागंल. आत उगडलं तर हातरूण बसायचं न्हाय." त्यानं पाय आखडले आणि तो कुशीवर आडवा झाला. "पन भाहेर उगडलं तर आबाच्या पायाला लागंल."

"मी काय हितं पाय पसरून टेकलोय का?" आबा म्हणाले आणि आडवे होऊन त्यांनीही पाय वर घेतले. सत्तरीच्या पुढचे गुडघे, दोन ठिकाणी वाजले.

नकोशीनं पट्टीच्या दोन्ही अंगांनी फक्की सोडली. या रेघा ओढताना तिचा हात पहिल्यांदाच जरा वाकडा गेला. भावांनी दोन्हीकडून सांगितलं की सरळच आहे. मग स्वतःची घोंगडी आणून ती आत निजली, उताणी, हात सैल सोडून. पट्टी लांबीला मोठी होती. त्या अख्ख्या घरात पाय लांब करून निजलेली ती एकटीच. तिच्या भोवतीनं सात माणसं मुटकुळं करून पडली होती, आणि कुणी उठायचं नाव घेईना, कारण जो आधी उठेल त्याला कुठूनतरी कुणालातरी ओलांडावं लागलं असतं.

सर्जेरावच उठला शेवटी. चारीच्या कडेनं, चपला चिखलात भरवत, अख्ख्या घराला वळसा घालून तो रस्त्यावर आला.

*

नव्या मापांचा नकाशा कुंडलिकनं जुन्याच्या पाठीवर उतरवला, पण बांधकामाच्या परवानगीसाठी नकाशासोबत अर्ज लागतो. कुंडलिकनं तो तिथंच, पाटी पालथी घालून तिच्यावर कागद ठेवून लिहिला. आबांनी एक वाक्य घालायला लावलं. असं कुठं लिहितात का, असं कुंडलिकनं दोनदा विचारलं, पण सौरभ शेजारी उभा होता, त्याच्याकडं एकदा खालून वर पाहिल्यावर त्यालाही मुद्दा पटला. मग त्यानं सगळ्यांना वाचून दाखवलं:

"मा. सरपंच साहेब यांचे सेवेशी, अर्ज करितो की, सोबतचा नकाशा कुटुंबातील व्यक्तींचे पाय आखडलेल्या स्थितीत घेतलेल्या मापांवरून तयार करणेत आला असून त्यात इंचभरही फेरफार शक्य नाही. सबब, सदर घर उभे आहे तोपर्यंत त्यातील कोणाही व्यक्तीची, विशेषतः चि. सौरभ सर्जेराव याची, उंची वाढू नये असे आदेश आपले स्तरावरून तातडीने निघावेत, व तसा दाखला अर्जदार म्हस्कू यास मिळावा, ही नम्र विनंती."